वर्गात काय चालले आहे, ते घराला कळू द्या

आज या पानावर मी खताचे किंवा फवारणीचे काही सांगणार नाही. आज शाळेचे सांगायचे आहे. शेतीखात्याच्या माणसाने शाळेच्या कारभारात कशाला पडायचे, असे कुणी म्हणेल. पण गोष्ट बियाण्यावरूनच सुरू झाली, म्हणून आधी तीच सांगतो.

गेल्या खरिपातली गोष्ट. पेरण्या आटोपल्या होत्या. सोयाबीनवर खोडमाशी कुठे दिसते का, हे पाहत मी एका गावच्या शिवारात फिरत होतो. दुपारी पाणी प्यायला जिल्हा परिषदेच्या शाळेत थांबलो. गुरुजी ओळखीचे. म्हणाले, "साहेब, बरे आलात. चौथीची पोरं आज बियांचा तक्ता करायलीत. दोन शब्द सांगा त्यांना."

वर्गात गेलो. पोरांनी कागदाच्या पुड्यांतून ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई, अंबाडी असे काय काय आणले होते. कुणी आजीच्या मडक्यातला जुना कारळही आणला होता. बघून बरे वाटले. तेवढ्यात एका मुलीकडे लक्ष गेले. तिच्या पिशवीत गुलाबी रंगाचे सोयाबीन होते. दोन्ही हातांची बोटेही गुलाबी झाली होती. खिचडीची सुट्टी व्हायला अर्धा तास उरला होता.

"कुठलं गं हे बी?" मी विचारले.

"बाबाच्या पोत्यातलं. पेरून उरलेलं हाय."

आपण सगळे जाणते शेतकरी आहात. हा रंग कशाचा, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. बुरशीनाशक लावलेले बियाणे ते. पोत्यावर स्पष्ट सूचना असते की हे बी खायला किंवा जनावरांना घालायला वापरू नका. आणि हे बी त्या लेकराच्या दप्तरात, पुस्तकांच्या आणि भाकरीच्या फडक्याच्या शेजारी होते. बाकीच्या पोरांनीही ते हाताळून पाहिले होते, कारण रंग छान होता.

गुरुजींनी आणि मी मिळून सगळ्या वर्गाचे हात साबणाने दोनदा धुऊन घेतले. बी कागदात बांधून बाजूला ठेवले. भाकरी फेकायला लावली. कुणाला काही झाले नाही. पण मी खरे सांगतो, त्या दिवशी खिचडीची घंटा अर्धा तास आधी झाली असती तर काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

दोष कोणाचा?

संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. आई म्हणाली, "लेकरू म्हनलं बी पायजे, म्या म्हनलं घे पोत्यातलं. कशाला पायजे ते कुठं ठावं?" वडील म्हणाले, "आमाला कुनी सांगितलं असतं तर डब्यातलं चांगलं मूठभर दिलं नसतं का?" गुरुजींना विचारले तर त्यांचेही खरेच होते. त्यांनी आदल्या दिवशी वर्गात सांगितले होते की घरातले बी आणा. पोर चौथीतले. त्याला घरातले बी आणि पोत्यातले बी यातला फरक काय कळणार?

आणि चौथा दोषी मी. जूनमध्ये त्याच गावात मी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेतले होते. हातमोजे घाला, लेकरांना दूर ठेवा, उरलेले बी उघड्यावर ठेवू नका, असे शेतकऱ्यांना सांगितले. हजेरीवर सह्या घेतल्या आणि मोटारसायकलला किक मारली. शाळा तिथून शंभर पावलांवर होती. गुरुजींना जाऊन दोन वाक्ये सांगावीत, हे मला सुचले नाही.

म्हणजे बघा, आई चांगली, बाप चांगला, गुरुजी चांगले, उपक्रमही चांगला. बियांचा तक्ता करणे ही शेतकऱ्याच्या पोराने करावी अशीच गोष्ट आहे. पण वर्गात काय चालले आहे ते घराला माहीत नव्हते आणि घरात काय ठेवले आहे ते वर्गाला माहीत नव्हते. मधली ही मोकळी जागा कुणाच्याच नावावर नाही. बांधावरच्या गवतासारखे आहे ते. दोघेही म्हणतात माझे नाही, आणि कीड तिथूनच दोन्ही रानात शिरते.

नंतर दोन-चार शाळांत चौकशी केली. 'टाकाऊतून टिकाऊ' या उपक्रमासाठी रिकामी बाटली आणा म्हटले की काही पोरे कीटकनाशकाची धुतलेली बाटली घेऊन येतात, असे शिक्षकांनीच सांगितले. त्या बाटलीवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असतो. त्याचा अर्थ आपल्याला कळतो, तिसरीच्या पोराला कळत नाही. आणि धुतली म्हणून ती बाटली घरात वापरायजोगी होत नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो, तसे इथेही सांगून ठेवतो.

निकाल म्हणजे मळणी

आता जरा मोठ्या मुद्द्याकडे येतो. आपला लातूर जिल्हा शिक्षणासाठी नावाजलेला. 'लातूर पॅटर्न' राज्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अकरावी-बारावीच्या क्लासची फी भरायला आपल्याकडे लोक रान विकायला मागेपुढे पाहत नाहीत. मोंढ्यात सोयाबीनचा भाव सकाळी काय होता आणि दुपारी काय झाला, हे पारावर बसलेला माणूस तोंडपाठ सांगतो. पण त्याच माणसाला विचारा, "तुमचं पोरगं तिसरीत आहे, या महिन्यात त्याला गणितात काय चाललंय?" तो म्हणेल, "जायलंय की शाळेला. मास्तर शिकवायलेत."

यात पालकाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. त्याला कुणी सांगितलेलेच नाही. आपल्याकडे शाळेतून घराला निरोप जातो तो कधी? आधार कार्ड पाहिजे, बँकेचे पासबुक पाहिजे, ध्वजवंदनाला या, नाहीतर पोरगे मारामारी करते म्हणून भेटा. आणि वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रक. त्यात अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेण्या असतात. आपण बघतो, सही किंवा अंगठा करतो, पत्रक देवाच्या फोटोमागे खोचून ठेवतो.

पण मंडळी, प्रगतिपत्रक म्हणजे मळणी झाली. पोती मोजून झाली. त्या वेळी कळले की उतारा कमी आला, तर आता काय करणार? कोळपणीच्या वेळेला कळले असते तर कोळपता आले असते. पिवळे पडताना दिसले असते तर उपाय झाला असता. आपण पीक पेरून थेट मळणीलाच रानात जातो का? मग लेकराच्या बाबतीत तसे का?

कायदाही हेच सांगतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. त्यात पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती याची माहिती द्यावी, असे आहे. कायदा बोलतो ते वर्षभराच्या नियमित बैठकांबद्दल. एप्रिलमध्ये एकदाच पत्रक हातात देऊन हे काम पुरे होत नाही.

घरचा अनुभव

पंचाईत आपल्या सगळ्यांचीच होते, शिकलेल्याचीही होते. मी कृषी पदविका घेतलेला माणूस. हेक्टरी बियाणे आणि फवारणीचे प्रमाण रोज काढतो. माझी मुलगी तिसरीत. एका रात्री ती वजाबाकी करत बसली होती. ५२ वजा २७. मी तिला माझ्या वडिलांनी शिकवलेल्या रीतीने सांगितले: दोनातून सात जात नाहीत, वर दहा दिले, म्हणून खाली एक वाढवला. तिने ऐकले आणि उत्तर लिहिले १५. मी पुन्हा सांगितले. पुन्हा १५. मी आवाज चढवला. पोर रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंना भेटलो. त्यांनी काड्यांचे गठ्ठे काढले. शाळेत पोरांना दहा काड्यांचा गठ्ठा सोडून सुट्या करायला शिकवले होते. पाच गठ्ठ्यांतला एक सोडला, राहिले चार. म्हणजे वरचा आकडा एकने कमी होतो. माझ्या रीतीत खालचा एकने वाढतो. दोन्ही रीती बरोबर, दोन्हींत उत्तर २५. पण माझ्या पोरीने बाईंचे ऐकून वरचा कमी केला आणि माझे ऐकून खालचाही वाढवला. चारातून तीन गेले, राहिला एक. म्हणून १५.

तिचे काहीच चुकले नव्हते. तिने दोघांचेही ऐकले होते. रडवले मी. बाईंनी महिन्याच्या सुरुवातीला एवढेच कळवले असते, की या महिन्यात वजाबाकी गठ्ठे सोडून शिकवतो आहोत, घरी दुसरी रीत सांगू नका, तर ही वेळ आली नसती. पण बाईंनाच कशाला बोलायचे? वर्ष अर्धे झाले होते आणि मी एकदाही वर्गात डोकावलो नव्हतो.

'वीस एक'चा धडा

कळवले नाही तर काय होते, याचे मोठे उदाहरण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. जून २०१९ मध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले. त्यात एकवीसला 'वीस एक' असे वाचण्याची रीत दिली होती. एकदम गदारोळ उठला. टीव्हीवर चर्चा झाल्या, विनोद झाले, विधिमंडळातही विषय निघाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी कारण समजावून सांगितले. आपण लिहिताना आधी दोन लिहितो आणि मग एक, पण बोलताना आधी 'एक' म्हणतो आणि मग 'वीस'. शिवाय कितीतरी संख्यांच्या नावांत जोडाक्षरे येतात. लहान पोरांचा इथे गोंधळ होतो, तो कमी व्हावा म्हणून ही रीत.

आता ही रीत चांगली की वाईट, यावर दोन मते असू शकतात. माझा मुद्दा वेगळा आहे. खेड्यातल्या पालकाला आपल्या पोराच्या पुस्तकातला हा बदल कुठून कळला? गुरुजींकडून नाही, वर्गातून नाही. टीव्हीवरच्या भांडणातून आणि मोबाइलवरच्या विनोदातून कळला. जी गोष्ट वर्गाच्या दारात दहा मिनिटे बोलून समजली असती, ती आधी चेष्टा म्हणून घरात शिरली. एकदा चेष्टा झाली की मग समजावणे अवघड. आम्हा शेतीखात्यातल्या लोकांना हा अनुभव नवा नाही. नवे वाण आधी दाखवले तर शेतकरी प्रश्न विचारतो. न दाखवता माथी मारले तर तो हसतो.

पावसाची बरणी

सगळीकडे अंधारच आहे असे नाही. माझ्या भागातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी वेगळे पाहिले. तिथल्या गुरुजींनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या दारावरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: "चौथीची मुले या महिन्यात रोज सकाळी पाऊस मोजणार. तोंड आणि बूड सारख्या रुंदीची काचेची बरणी कुणाकडे असेल तर द्यावी. लोणच्याची चालेल, औषधाची नको."

शेवटचे वाक्य वाचून मी गुरुजींना मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तीन बरण्या आल्या. एक त्यांनी पत्र्यापासून आणि झाडापासून दूर, मोकळ्या जागेत पक्की बसवली. रोज सकाळी एक मूल पट्टी लावून मिलीमीटर मोजायचे, फळ्यावर आकडा लिहायचे आणि बरणी रिकामी करायचे. आठ दिवसांत काय झाले? दूध घालून परतणारे लोक फळ्यापाशी थांबायला लागले. कारण आपल्याकडे २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे सगळ्यांना माहीत. मंडळातल्या यंत्राचाच आकडा अधिकृत असतो, शाळेच्या बरणीचा नव्हे, हे गुरुजींनी आणि मी स्पष्ट सांगितले. तरी आपल्या गावात किती पडला, हे कळण्याची ओढ असतेच.

फळ्यावरचा पाऊस वाचता वाचता लोक त्याच्या खालचे वाचू लागले. "दुसरी: बेरीज, दहाचे गठ्ठे. तिसरी: घरातल्या वस्तूंची लांबी वितीने आणि पट्टीने मोजणे." एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, वीत माझी घ्यावी का नातवाची?" साऱ्या तिसरीचा धडा या एका प्रश्नात आला. विती वेगवेगळ्या, म्हणून तर पट्टी लागते. वाचता न येणारा माणूस होता तो, पण त्याला वर्गात काय चालले आहे हे कळले आणि त्याने नातवाला रानात नेऊन सरीतले अंतर मोजायला लावले.

यात खर्च किती झाला? खडूचा.

समितीच्या बैठकीत काय बोलतो?

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक) आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मंडळींशी थोडे बोलतो. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती दिली आहे. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे.

पण बैठकीत विषय कोणते निघतात? खिचडीचा तांदूळ, पडकी भिंत, रंगकाम, स्वच्छतागृहाचे पाणी. हे विषय लहान नाहीत. भिंत पडकी असेल तर ती बोललीच पाहिजे. पण गेल्या महिन्यात पोरांना काय शिकवले आणि पुढच्या महिन्यात काय शिकवणार, हा विषय कितीशा इतिवृत्तांत सापडतो? तुमच्याच गावचे रजिस्टर उघडून बघा. आणि महिला सदस्यांची सही घरी रजिस्टर पाठवून घेतली जात असेल, तर ज्या बाईच्या हातून पोराचा अभ्यास रोज होतो तिलाच आपण बाहेर ठेवले.

मोबाइलवर टाकले म्हणजे कळले नव्हे

कुणी म्हणेल, आता प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे सगळे टाकतात. २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा ते ग्रुप निघाले आणि त्या वेळी त्यांचा उपयोगही झाला. पण आज बघा. फोन बापाच्या खिशात, बाप रानात किंवा मोंढ्यात. अभ्यास घेते आई किंवा आजी. संदेश येतो सकाळी अकराला, बाप वाचतो रात्री नऊला, तोवर त्यावर पन्नास 'शुभ सकाळ' चढलेले. मीही हवामानाचा सल्ला ग्रुपवर टाकतो आणि समजतो की गावाला कळले. रानात गेलो की शेतकरी विचारतो, "साहेब, पावसाचं काय म्हणायलेत?" पाठवणे वेगळे आणि पोचणे वेगळे, हे मला माझ्याच कामात रोज दिसते. ग्रुप असावा, पण त्याच्यावर विसंबू नये.

काय करता येईल?

मोठी योजना नको, समिती नको, निधीची वाट नको. पाच गोष्टी सुचवतो. जमतील तेवढ्या करा.

१) महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक फळा लिहावा. शाळेच्या आत नको, लोक थांबतात तिथे हवा. दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, मंदिराचा पार. प्रत्येक वर्गाच्या दोनच ओळी: काय शिकवणार आणि घरी काय करून घ्यावे. फळा ग्रामपंचायतीने द्यावा. मंदिरावर भोंगा असेल तर संध्याकाळी एकदा वाचून दाखवावा, म्हणजे न वाचणाऱ्यालाही कळेल.

२) घरून काही वस्तू मागवायची असेल तर दोन दिवस आधी वहीत तीन ओळी लिहून द्याव्यात: काय आणायचे, कशासाठी, आणि काय आणायचे नाही. ही तिसरी ओळ विसरू नका. ती का, हे मी वर सांगितले आहे.

३) पालकांची बैठक पालकांच्या सवडीने घ्यावी. पेरणी आणि राशीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक ठेवून "पालक येत नाहीत" म्हणणे बरोबर नाही. अमावास्येला आपल्याकडे बरेच जण औत जोडत नाहीत. महिन्यातला तो दिवस धरा, संध्याकाळची वेळ धरा. अर्धा तास पुरे. पण त्या अर्ध्या तासात भाषण नको. पोरांनी महिन्यात काय केले ते पोरांनीच करून दाखवावे. प्रात्यक्षिकाला लोक थांबतात, भाषणाला उठून जातात, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव आहे.

४) ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी शाळेला वेळ द्यावा. २६ जानेवारीला पोरांचा नाच आपण बघतो, टाळ्या वाजवतो, बक्षीस देतो. त्याच्या जोडीला एका वर्गाने आपला प्रकल्प सांगावा. गावातल्या विहिरींची पाणीपातळी, घरातल्या बियांचे वाण, मित्रकिडी कोणत्या आणि शत्रुकिडी कोणत्या. ऐकणाऱ्या शेतकऱ्यालाही त्यात काही मिळेल.

५) ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. निघण्याआधी गुरुजींनी त्यांना भेटून पुढच्या चार-पाच महिन्यांत वर्गात काय होणार, हे आजी-आजोबांसमोर सांगावे. लेकरू गावात राहणार असेल तर आजीला कळले पाहिजे. बरोबर जाणार असेल तर पुस्तक आणि दोन ओळींचा कागद बरोबर गेला पाहिजे.

गुरुजींची बाजू

हे वाचून एखादे गुरुजी म्हणतील, "आम्हाला काय कमी कामे आहेत? दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात निवडणुकीचे काम, सर्वेक्षण, रोजची ऑनलाइन माहिती." खरे आहे. माझ्याही मागे तीच गत आहे, म्हणून मला ते कळते. पण गुरुजी, तुमचे वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन तुम्ही लिहितच असता. तपासणीला साहेब आले की ते कपाटातून निघते. मी म्हणतो, जे साहेबासाठी लिहिले आहे त्यातल्या दोन ओळी आईबापासाठी फळ्यावर लिहा. नवे काम नाही, लिहिलेल्याचाच उपयोग आहे. वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, उपक्रम, तोंडीकाम हे सारे येते. ते घराला ठाऊक असेल तर घर तुमचे निम्मे काम हलके करील.

दुसरी भीती अशी की, पालकांना सांगितले की ते वर्गात येऊन वाद घालतात. काही घालतात, हेही खरे. म्हणून पालकांनाही सांगतो. शाळेत गेलात तर "माझ्या पोराला ब-१ का दिला" हा पहिला प्रश्न करू नका. "पुढच्या महिन्यात काय शिकवणार आणि मी घरी काय करू" हा पहिला प्रश्न करा. गुरुजीही माणूसच आहे. या प्रश्नाने तोही खुलतो.

घरी काय विचाराल?

आणि सगळ्यात सोपी गोष्ट शेवटी. फळा लागो न लागो, बैठक होवो न होवो, ही तर आजपासून करता येते. संध्याकाळी लेकरू घरी आले की तीन गोष्टी विचारा. आज काय केलंस? मला करून दाखव. उद्या काय न्यायचंय?

याला शाळा शिकलेले असावे लागत नाही. चुलीपुढे बसलेली आईसुद्धा म्हणू शकते, "करून दाखव." करून दाखवताना लेकरू अडले तर कळते कुठे अडले, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना तेवढेच सांगता येते. आणि "उद्या काय न्यायचंय" हे विचारले म्हणजे पोत्यातले गुलाबी बी दप्तरात जात नाही.

मार्गशीर्षात येळवस येते. आपल्या लातूर-धाराशिव भागात त्या दिवशी सारे घर रानात असते. कोपीपुढे पूजा, भज्जी, आंबील, भाकरी, शेजारीपाजारी, पै-पाहुणे. तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाची सगळी सामग्री त्या एका दिवशी रानात हजर असते. गुरुजींनी आठ दिवस आधी एवढेच कळवावे की या येळवसीला पोरांना रानातली पाच पिके, पाच तणे आणि पाच किडे दाखवा, नावे सांगा, पोरे येऊन वर्गात सांगतील. बघा, त्या दिवशी शिकवणारे कोण असतील? आजोबा, आजी, सालगडी, शेजारचे काका. ज्यांना वाटते की आपल्याला शाळेतले काही कळत नाही, ती सगळी माणसे.

त्या चौथीच्या वर्गातला बियांचा तक्ता पुढे पूर्ण झाला. त्या मुलीच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत येऊन डब्यातले स्वच्छ सोयाबीन दिले आणि रंगवलेले बी कसे ओळखायचे, ते साऱ्या वर्गाला आपल्या भाषेत सांगितले. माझ्यापेक्षा चांगले सांगितले. मी यंदापासून बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक झाले की शाळेत जातो, मगच गाडीला किक मारतो.

तुम्ही एवढेच करा. या आठवड्यात एकदा आपल्या लेकराच्या वर्गाच्या दारात जाऊन विचारा, "गुरुजी, सध्या काय चाललंय?" गुरुजी चकित होतील, पण सांगतील.